बॅटचा वेग कसा वाढतो? शालेय बेसबॉलपटूंसाठी बारा आठवड्यांचा सराव

थोडक्यात

- चेंडू किती जोरात परत जातो हे चेंडूच्या वेगापेक्षा बॅटच्या वेगावर कितीतरी जास्त अवलंबून असते.
- बॅटचा वेग हातांत नव्हे, जमिनीपासून सुरू होतो : पाय, कंबर, धड, हात आणि शेवटी बॅट.
- जड बॅट फिरवणे किंवा रोज शेकडो फटके मारणे हा वेग वाढवण्याचा मार्ग नाही. मोजके, पूर्ण ताकदीचे आणि मोजमाप केलेले फटके हा मार्ग आहे.
- यासाठी लागणारे बहुतेक साहित्य भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात शाळेतच तयार करता येते.

भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांची बेसबॉलशी ओळख शाळेतच होते. गल्लीत आणि धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांध्यांत क्रिकेट चालते. त्यामुळे बेसबॉलची बॅट हातात येते तेव्हा मूल बारा-तेरा वर्षांचे झालेले असते आणि क्रिकेटच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. चेंडू पकडणे, फेकणे, धावणे या गोष्टी ते लवकर उचलते. अडते ते बॅटिंगपाशी. चेंडूला बॅट लागते, पण चेंडू इनफिल्डच्या बाहेर जात नाही. अशा मुलाला 'जोर लाव' एवढेच सांगितले जाते. जोर कुठून लावायचा, हे मात्र सांगायचे राहून जाते.

एवढ्याने काय बिघडते?

महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सात तालुक्यांतल्या शाळा जिल्हा स्पर्धेला येऊ शकतात. पुढची पायरी नागपूर विभागाची. तिथे भंडाऱ्यासोबत नागपूर, वर्धा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे असतात. त्यानंतर राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा.

या पायऱ्यांना खेळाबाहेरही मोल आहे. ठरलेल्या पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. शेतमजुराच्या किंवा छोट्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलासाठी ते प्रमाणपत्र हा मोठा आधार ठरू शकतो.

अडचण अशी की शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्ष संपले. एका सामन्यात एका बॅटरला दोन-तीनदाच बॅटिंग मिळते. वर्षभराची संधी एवढीच असेल, तर स्पर्धेच्या आधी आठ-दहा दिवस शिबिर घेऊन मुलांकडून फटक्यांचा मारा करवून घेणे पुरत नाही. शरीराचा वेग आठ दिवसांत वाढत नाही, पाठ मात्र आठ दिवसांत दुखावू शकते.

हिशेब : वेग कुठून येतो?

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी बॅट आणि चेंडूच्या टकरीचा बराच अभ्यास केला आहे. त्यातला एक सोपा हिशेब प्रशिक्षकांच्या कामाचा आहे. बॅटच्या योग्य भागावर चेंडू लागला, तर परत जाणाऱ्या चेंडूचा वेग साधारण असा निघतो : येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा हिस्सा, अधिक बॅटच्या वेगाची १.२ पट.

समजा, पिचरने ताशी ७० किमी वेगाने चेंडू टाकला आणि मुलाची बॅट ताशी ८० किमी वेगाने फिरली.

- येणाऱ्या चेंडूचा वाटा : ७० × ०.२ = १४
- बॅटचा वाटा : ८० × १.२ = ९६
- परत जाणाऱ्या चेंडूचा वेग : ताशी ११० किमी

आता पिचरचा वेग १० किमीने वाढला, तर फटक्याचा वेग फक्त २ किमीने वाढतो. पण बॅटचा वेग ८ किमीने वाढला, तर फटका ताशी जवळपास १२० किमीचा होतो. उंच उडालेल्या चेंडूच्या बाबतीत फटक्याचा वेग ताशी १ किमीने वाढला की अंतर अंदाजे १ मीटरने वाढते. म्हणजे तोच फटका सुमारे १० मीटर पुढे पडतो. आउटफिल्डरच्या हातात जाणारा झेल आणि त्याच्या डोक्यावरून गेलेला चेंडू यांत एवढाच फरक असतो.

हे सगळे 'योग्य भागावर लागला तर' या अटीवर. बॅटच्या टोकापासून साधारण १५ सेंटीमीटर आत हा भाग असतो. चेंडू तिथे लागला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. टोकावर किंवा मुठीजवळ लागला की हात झणझणतो आणि चेंडू मरतो. म्हणून वेगाचा सराव आणि अचूकतेचा सराव सोबतच चालला पाहिजे.

वेगवान बॅटचा दुसरा फायदा

बेसबॉलमध्ये पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर मोठ्यांसाठी १८.४४ मीटर असते. ताशी १२० किमी वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. त्यातच चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची असते. बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला एका मुलाला ०.१८ सेकंद लागले आणि दुसऱ्याला ०.१६, तर दुसऱ्याला चेंडू आणखी ०.०२ सेकंद पाहता येतो. तेवढ्या वेळात चेंडू ६५ सेंटीमीटरहून जास्त पुढे आलेला असतो. वाईट चेंडू सोडून देण्याची हुशारी बरेचदा या उसन्या वेळातून येते.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा असतो आणि अंतर कमी. मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर सुमारे १३.१ मीटरवर असते. त्यामुळे पिचरचा वेग कमी असला तरी बॅटरला मिळणारा वेळ फारसा वाढत नाही. या लेखातला सराव मुलामुलींना सारखाच लागू आहे.

शरीरात वेग कसा तयार होतो?

चाबूक मारताना मूठ थोडीच हलते, पण टोक सपकन फिरते. मुठीतली गती पुढच्या हलक्या भागाकडे सरकत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर वाढते. बॅटचा फटका असाच असतो. उजव्या हाताच्या बॅटरचा क्रम असा :

१. वजन मागे घेणे. चेंडू सुटण्याच्या सुमारास शरीराचे वजन उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर येते. वजन पायाच्या बाहेरच्या कडेवर गेले, तर पुढचा क्रम बिघडतो.

२. पाऊल टाकणे. डावा पाय छोटे पाऊल टाकून जमिनीला लागतो. हात त्या वेळी मागेच राहतात. पाय पुढे आणि हात मागे, यामुळे धडाला ताण बसतो.

३. कंबर वळणे. डावी टाच टेकली की कंबर पिचरकडे वळू लागते. छाती अजून मागेच असते. कंबर आधी आणि खांदे नंतर, हे अंतर जेवढे नीट जमेल तेवढा वेग मिळतो.

४. पुढचा पाय ताठ होणे. वळताना डावा गुडघा ताठ होत जातो आणि पुढे सरकणारे शरीर थांबवतो. पुढची चाल थांबली की तीच ताकद वळण्यात जाते. धावणाऱ्या माणसाचा पाय दगडाला अडला की वरचे शरीर जोरात पुढे जाते, तसेच काहीसे.

५. हात आणि बॅट. छाती वळते, हात तिच्यामागून ओढले जातात आणि बॅट सगळ्यात शेवटी, सगळ्यात वेगाने येते.

यातला एखादा टप्पा चुकला, तर हात ती कसर भरून काढायला धावतात. मुलाने दात-ओठ खाऊन जोर लावलेला दिसतो, पण बॅट हळूच फिरते.

क्रिकेटमधून आलेल्या मुलांचे काय?

हातांचा क्रम दोन्ही खेळांत तोच आहे. उजव्या बॅटरचा डावा हात दांड्याच्या टोकाकडे आणि उजवा हात त्याच्या पुढे. फरक बॅट कुठून निघते यात आहे. क्रिकेटमध्ये बॅट खालून येते आणि सरळ बॅटने खेळायचे शिक्षण मिळालेले असते. बेसबॉलमध्ये बॅट मागच्या खांद्याजवळ वर उभी असते आणि जवळपास आडवी फिरते. चेंडू टप्पा न घेता गुडघा ते छाती या पट्ट्यात येतो.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांमध्ये तीन चुका हमखास दिसतात. पहिली, चेंडूकडे शरीर झोकून देणे. त्यामुळे पुढचा पाय ताठ होत नाही. दुसरी, चेंडू लागायच्या आधीच मनगट वळवणे; त्यामुळे फटका जमिनीवर आपटतो. तिसरी, बॅट चेंडूला लागली की थांबवणे. बेसबॉलमध्ये बॅट पूर्ण फिरू द्यावी लागते.

क्रिकेट खेळलेल्या मुलाची नजर आणि वेळेचा अंदाज मात्र तयार असतो. विटी-दांडू खेळलेल्या मुलालाही हवेतली छोटी वस्तू गाठायची सवय असते. आहे ते मोडण्याऐवजी त्यावर वळण्याची सवय चढवणे सोपे जाते. पुल किंवा स्लॉग मारताना कंबर कशी फिरते, हे मुलाला आठवायला सांगितले, तर निम्मे काम होते.

चार समजुती आणि वस्तुस्थिती

*'जड बॅट फिरव, मग हलकी बॅट वेगाने फिरेल.'* फटक्याआधी बॅटला वजनी कडे लावून फिरवण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. त्यानंतर खेळाची बॅट हलकी वाटते खरी, पण मोजल्यावर वेग वाढलेला दिसत नाही. हवाई विद्यापीठाचे कूप डेरेन यांनी १९९० च्या दशकात यावर काम केले. फार जड वजनाने बॅटचा वेग उलट कमी होतो आणि खेळाच्या बॅटच्या जवळपासचे वजन बरे, असे त्यांच्या कामातून पुढे आले. सरावासाठी जड-हलकी बॅट वापरायचीच, तर फरक १० ते १२ टक्क्यांचा असावा. ७०० ग्रॅमच्या बॅटसाठी जड बॅट ७७० ते ७८० ग्रॅम आणि हलकी बॅट ६२० ते ६३० ग्रॅम.

*'मनगटे मजबूत कर.'* डेव्हिड शिमान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय बेसबॉलपटूंना बारा आठवडे मनगट आणि पुढच्या हाताचा जादा व्यायाम दिला. मनगटांची ताकद वाढली, पण बॅटचा वेग तो व्यायाम न केलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढला नाही. मनगट बॅट धरून ठेवते. वेग त्याच्या आधीच तयार झालेला असतो.

*'वळण्याची ताकद आपोआप येते.'* त्याच संशोधकांच्या २००७ च्या अभ्यासात सगळ्या मुलांनी आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम केला आणि १०० स्विंग घेतले. एका गटाने त्याशिवाय मेडिसीन बॉल वळून फेकण्याचा सराव केला. बारा आठवड्यांनी प्रगती दोन्ही गटांची झाली, पण वळण्याची ताकद मेडिसीन बॉल फेकणाऱ्यांची जास्त वाढली.

*'रोज पाचशे फटके मार.'* थकलेले शरीर हळू फिरते आणि तीच हळू चाल शिकते. वेग वाढवायचा असेल तर प्रत्येक फटका पूर्ण ताकदीने आणि दोन फटक्यांच्या संचांमध्ये विश्रांती हवी. फटक्याचा वेग पडू लागला की त्या दिवसाचा वेगाचा सराव संपला.

बॅट कोणती द्यावी?

शाळेच्या संचात दोन-तीनच बॅट असतात आणि लहान-मोठी सगळी मुले त्याच वापरतात. १२ वर्षांच्या मुलाच्या हातात १८ वर्षांच्या मुलाची बॅट आली, तर तंत्र कितीही चांगले असले तरी ती उशिरा पोहोचते. साधी पारख अशी : मुलाने बॅट एका हाताने खांद्याच्या रेषेत आडवी धरावी. वीस-तीस सेकंदांच्या आत हात थरथरू लागला, तर बॅट जड आहे.

नवी बॅट घेणे शक्य नसेल तर मूठ टोकापासून तीन-चार सेंटीमीटर वर धरायला सांगावे. बॅटचे वजन तेच राहते, पण ती फिरवायला हलकी होते. नियमांना हे चालते आणि मोठे खेळाडूही असे करतात. ॲल्युमिनियमच्या बॅटला भेग किंवा खड्डा पडला असेल तर ती बाद करावी.

साहित्य शाळेतच

टी. चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्याला टी म्हणतात. पीव्हीसी पाइप रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट किंवा वाळू भरून उभा करावा. वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, म्हणजे बॅट लागली तरी पाइप फुटत नाही. दोन उंचीचे दोन टी असावेत : एक मांडीच्या आणि एक कंबरेच्या उंचीचा.

जाळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जिल्ह्यात मामा तलावांवर म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर मासेमारी चालते. तिथले जुने जाळे दुहेरी करून सैल टांगावे आणि मागे धानाच्या रिकाम्या बारदान्याची पोती लटकवावीत. चेंडूचा जोर पोती खातात. जाळे ताणून बांधले तर चेंडू उलटून येतो. मासेमारीचे जाळे कठीण चेंडूसाठी बनलेले नसते, म्हणून त्यावर टेनिस बॉल किंवा मऊ चेंडूच वापरावेत.

मेडिसीन बॉल. फाटलेल्या फुटबॉलमध्ये वाळू आणि धानाचा भुसा भरून शिवावा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावा. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १ ते २ किलो आणि त्याहून मोठ्यांना २ ते ३ किलो पुरे. चेंडू जोरात फेकता आला पाहिजे. नुसता ढकलावा लागत असेल तर तो जड आहे.

मोबाइलने वेग कसा मोजावा?

आज अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा असतो. टी आणि जाळे यांत ५ मीटर अंतर ठेवावे. मोबाइल बाजूने, चेंडूच्या वाटेला काटकोनात, टी आणि जाळे दोन्ही दिसतील एवढा दूर आणि हलणार नाही असा ठेवावा. चेंडू बॅटवरून सुटल्यापासून जाळ्याला लागेपर्यंतची चित्रे मोजावीत.

समजा, ४८ चित्रे झाली. ४८ भागिले २४० म्हणजे ०.२ सेकंद. ५ मीटर अंतर ०.२ सेकंदात, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजेच ताशी ९० किमी. टीवरचा चेंडू स्थिर असल्याने त्याला १.२ ने भागले की बॅटचा वेग साधारण कळतो : ताशी ७५ किमी. मोजणीत एका चित्राची चूक झाली तर उत्तरात ताशी सुमारे २ किमीचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक मुलाचे पाच फटके मोजून मधले उत्तर धरावे आणि दर दोन आठवड्यांनी, त्याच चेंडूने, त्याच बॅटने, त्याच अंतरावरून मोजावे. वहीत मुलाच्या नावापुढे आकडा लिहिला की मूल शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्या मागच्या आकड्याशी खेळू लागते.

बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस

प्रत्येक दिवस पन्नास मिनिटांचा. सुरुवातीला दहा मिनिटे धावणे, कंबर आणि खांदे मोकळे करणे. दोन सरावांमध्ये एक दिवस सुट्टी.

आठवडे १ ते ४ : पाया

- बैठका, जोर, एका पायावर तोल आणि प्लँक. प्रत्येकी दोन-तीन संच. बैठकांत गुडघे आत वळू देऊ नयेत.
- उभ्या जागेवरून पुढे उडी, ५ उड्यांचे ३ संच. उतरताना आवाज कमी यावा.
- मेडिसीन बॉल भिंतीवर बाजूने वळून फेकणे, दोन्ही बाजूंनी ६ वेळा, ३ संच.
- चेंडूशिवाय १० संथ स्विंग, मग टीवर ३० फटके. या काळात लक्ष क्रमावर : टाच, कंबर, छाती, हात.

आठवडे ५ ते ८ : वेग

- बाजूला उडी मारून एका पायावर थांबणे, दोन्ही बाजूंनी ५ वेळा, ३ संच.
- मेडिसीन बॉल पाऊल टाकून फेकणे, फटक्याच्या लयीत.
- टीवर ५ फटक्यांचे ६ संच, प्रत्येक फटका पूर्ण ताकदीने. दोन संचांमध्ये किमान एक मिनिट विश्रांती.
- १५ वर्षांवरील आणि तंत्र पक्के झालेल्या मुलांनाच जड-हलक्या बॅटचा सराव : ५ जड, ५ हलके, ५ खेळाच्या बॅटने.
- शेवटी, तुलनेने संथ वेगात, समोरून हलकेच टाकलेले १५ चेंडू.

आठवडे ९ ते १२ : खेळ

- उड्या आणि मेडिसीन बॉल चालू ठेवावेत, पण संच दोनच.
- टीवर पूर्ण ताकदीचे १५ फटके.
- पिचरकडून २५ चेंडू. त्यातले वाईट चेंडू सोडायचे आणि सोडलेला चेंडूही गुण म्हणून मोजायचा.
- बाराव्या आठवड्यात फटक्यांची संख्या निम्मी करावी, जोर कमी करू नये.

विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि लगेच रोवणीचे दिवस येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल असतो आणि अनेक मुले घरच्यांसोबत धानाच्या बांध्यांत असतात. दिवसभर वाकून पऱ्हे लावलेल्या मुलाची पाठ आधीच थकलेली असते. त्या दिवशी त्याला वळून फेकण्याचा सराव देऊ नये. पहिल्या चार आठवड्यांचा बहुतेक भाग व्हरांड्यात होऊ शकतो. त्यासाठी मैदान कोरडे होण्याची वाट पाहायची गरज नाही.

पाठ, हात आणि उन्हाची काळजी

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. या काळात हातपाय लांब होतात, पण ताकद मागे राहते. काल जमणारा फटका आज जमेनासा होतो. तो आळस नसतो. या काही महिन्यांत फटके कमी करून तोल आणि ताकदीवर भर द्यावा.

एकाच बाजूला वारंवार वळणाऱ्या वाढत्या वयाच्या खेळाडूंमध्ये कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. क्रिकेटच्या तरुण वेगवान गोलंदाजांतही हीच दुखापत दिसते. मागे वाकल्यावर कमरेच्या एका बाजूला दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर सराव बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. मलम लावून स्पर्धा खेळवू नये. लवकर लक्षात आलेली ही दुखापत बहुधा विश्रांतीने बरी होते. दर सरावात विरुद्ध बाजूनेही दहा संथ स्विंग घेतले, तर दोन्ही बाजूंच्या स्नायूंना काम मिळते.

हाताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला, बॅटची मूठ टेकते तिथे सतत दुखत असेल तर तेही तपासून घ्यावे. तिथले छोटे हाड फटक्यांनी मोडू शकते.

फटके मारताना हेल्मेट हवे आणि बॅटरभोवती चार मीटरच्या आत कुणी उभे राहू नये. दमट हवेत घामाने बॅट हातातून सुटते, म्हणून कोरडे फडके जवळ असावे. उन्हाळ्यात जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा. वीज कडाडू लागली की ॲल्युमिनियमची बॅट खाली ठेवून छताखाली जावे.

वेग म्हणजे सगळे नव्हे

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आता प्रत्येक फटक्याच्या बॅटचा वेग मोजून जाहीर केला जातो. तिथली सरासरी ताशी सुमारे ११६ किमी आहे. जियानकार्लो स्टँटनची बॅट सरासरी १३० किमीच्या आसपास फिरते आणि त्याचे फटके प्रेक्षकांत जाऊन पडतात. दुसऱ्या टोकाला लुईस अराएझ. त्याची बॅट ताशी सुमारे १०० किमीने, म्हणजे लीगमध्ये सर्वांत संथ फिरणाऱ्या बॅटांमध्ये. तरीही २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे त्याने फलंदाजीच्या सरासरीचा किताब मिळवला. चेंडू बॅटच्या बरोबर योग्य भागावर घेण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे.

शालेय संघाला दोन्ही प्रकारचे बॅटर लागतात. चौदा वर्षांच्या सडपातळ मुलाचा आकडा वर्गातल्या धिप्पाड मुलाएवढा कधीच होणार नाही, पण त्याच्या स्वतःच्या पहिल्या आठवड्याच्या आकड्यापेक्षा तो ताशी चार-पाच किमीने वाढला, तरी इनफिल्डरच्या हातात जाणारा चेंडू त्याच्या बाजूने निसटतो. जिल्हा स्पर्धेत मिळणाऱ्या दोन-तीन संधींपैकी एकीत तेवढे झाले, तर धावा निघतात.

म्हणून सरावाचे यश पाहायचे ते वहीतल्या तीन रकान्यांत : वेग किती वाढला, पाचपैकी किती फटके योग्य भागावर लागले आणि किती वाईट चेंडू सोडले. चौथा रकाना दुखण्याचा. तो बारा आठवडे कोरा राहिला पाहिजे.